तारीख न टाकलेला राजीनामा

काष्टीच्या बाजारात मी एका म्हशीचं वय दोन वेतांनी कमी करून सांगत होतो, तेव्हा मनोहर गेल्याची बातमी आली. शनिवार होता, धुरळा होता, गिऱ्हाईक म्हशीचे दात बघायला वाकलं होतं आणि माझ्या खिशातला मोबाईल लागोपाठ तीनदा थरथरला. आमच्या तालुक्यात पक्ष तीन, त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप तीन आणि मी तिन्हींत आहे. आज सूर्य उगवला, एवढ्या गोष्टीवरही ह्या तीन ग्रुपांचं कधी एकमत झालेलं नाही. त्या शनिवारी मात्र तिन्हींवर एकच फोटो, एकच ओळ... 'मनोहर पाठक यांचे दुःखद निधन.' म्हशीचं दावं माझ्या हातून सुटलं. गिऱ्हाईक म्हणालं, "आबा, म्हस चालली." मी म्हणालो, "जाऊ दे." मग तिचं खरं वय सांगून टाकलं, त्याने देऊ केलं ते घेतलं आणि गावाकडची एसटी धरली.

मला फोन कुणी केला नाही. करणार कसा? मनोहर आणि मी पहिलीपासूनचे मित्र, पण गेली सात-आठ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. बंद होतं म्हणजे मी बंद केलं होतं. त्याचं कारण मीच घडवलं होतं आणि तेच आज इथे लिहायचं आहे. मी गोष्टी रचणारा माणूस. तालुक्यात "ज्ञानदेव आबा सांगत होते" असं कुणी म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग त्यातलं निम्मं वजा करतो. आजच्यापुरतं मेहेरबानी करा आणि काही वजा करू नका. जिथे मीठमसाला लावीन तिथे माझा मीच कबूल होईन.

मनोहरचं दुकान पंचायत समितीच्या फाटकासमोर होतं. 'पाठक टायपिंग, झेरॉक्स व लॅमिनेशन'. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, पण बसायचा तसाच, पाठ ताठ आणि मनगटं उचललेली, जणू समोर पेटी आहे आणि आता भजन लागणार आहे. घराण्यात पिढ्यान् पिढ्या दप्तराचं काम. आजोबांचं अक्षर पाहायला म्हणे मामलेदार घोड्यावरून उतरायचा. (घोडा मी घातला. मामलेदार चालतच यायचा.) तालुक्यातला प्रत्येक अर्ज, प्रत्येक तक्रार, प्रत्येक अविश्वास ठराव मनोहरच्या बोटांखालून गेलेला. एका सकाळी साखरवाले, म्हणजे कारखान्याच्या पक्षाची माणसं, त्याच्या दुकानात पुढच्या बाकावर बसून अविश्वासाची नोटीस टाइप करून घेत होते आणि मागच्या खोलीत दूधवाले, म्हणजे डेअरीच्या पक्षाचे, तीच नोटीस घेऊन नंबराला बसले होते. मनोहरने दोन्ही कामं केली, दोघांना दोन दारांनी बाहेर काढलं. फाटकात दोघे समोरासमोर आले तेव्हा दोघांच्या हातात एकाच छपाईचे, एकाच मजकुराचे कागद. मनोहरने आपला कागद समोरच्याला फोडला असं मात्र दोघांपैकी एकालाही म्हणता येईना. हे खरं आहे. ह्यात मी काही घातलेलं नाही.

त्याची एक खोड होती. कागद टाइप झाला की सहीला पुढे करण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवायचा. समोर अंगठेबहाद्दर असो की वकील, सगळ्यांना सारखंच. एकदा एका साहेबाने चिडून "मला वाचता येतं" म्हटलं, तर मनोहर म्हणाला, "येतच असणार. पण सही एकट्या हाताची असली तरी निस्तरावी अख्ख्या माणसाला लागते. ऐकून घ्या." आणि माझ्या बाबतीत तर ही खोड शाळेपासूनची. मी निबंध लिहायचा, त्याने तो डबा खाताना वाचायचा आणि मान वर न करता विचारायचं, "ह्यात खरं किती?" मी म्हणायचो, "चार आणे." तो म्हणायचा, "मग चार आण्याचंच हसतो." आणि पोट धरधरून हसायचा. माझ्या गोष्टीवर इतकं हसणारा आणि त्यातल्या एकाही अक्षरावर विश्वास न ठेवणारा असा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

आता त्या निवडणुकीकडे येतो. पंचायत समितीच्या जागा दहा. साखरवाले निवडून आले चार, दूधवाले तीन आणि आम्ही उरलेले तीन. पक्षांची खरी नावं मी लिहीत नाही. मुंबईत ती निरनिराळी असतात, पण खाली तालुक्यात कारखाना कुणाचा आणि डेअरी कुणाची एवढंच विचारतात. ज्याला कारखाना नाही आणि डेअरीही नाही, तो आमचा पक्ष. सभापती व्हायला सहा हात वर व्हावे लागतात. चौघांना दोन कमी पडत होते, दूधवाल्यांना तीन. आम्हा तिघांना काहीच कमी पडत नव्हतं. आयुष्यभर कुणी चहा विचारला नाही, ते दोन दिवसांत सतरा वेळा जेवलो.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी डेअरीच्या चेअरमनने आम्हा सहा जणांना गाडीत घातलं आणि कोकणात नेलं. ह्याला आमच्याकडे सहल म्हणतात. सहलीत फोन काढून घेतात, दाराला माणूस बसवतात आणि रोज मासे खायला घालतात. ह्यातले मासे सोडले तर तुरुंगात आणि सहलीत फरक नाही. आमच्यात हिराबाई होती. तालुक्याच्या पूर्वेच्या कोरडवाहू टोकाची, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी, राखीव जागेवर दूधवाल्यांकडून निवडून आलेली. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं पानी हाय, मग आवर्तन कोन अडवतंय?" कालव्याचं पाणी कधी सुटेल ह्या चिंतेत जन्म गेलेल्या आम्हा सहाही जणांना तो प्रश्न एकदम बरोबर वाटला.

चेअरमनचं गणित सोपं होतं. अडीच वर्षांचं सभापतिपद अर्धं अर्धं करायचं. पहिलं सव्वा वर्ष आम्हा उरलेल्यांना, म्हणजे मला. पुढचं सव्वा वर्ष दूधवाल्यांना. आणि दूधवाल्यांत कुणाला, तर 'ते पुढचं पुढे बघू', म्हणजे चेअरमनच्या भाच्याला. मी लगेच मान डोलावली. हिराबाईने डोलावली नाही. म्हणाली, "दुसऱ्या बारीला मी. आन् आदी कागदावर. मग हात वर."

चेअरमन हसला. "ताई, माझा शब्द आहे ना?"

"शबुद मुकादमाचाबी आसतो, सायेब. मला तुमचं त्वांड आन् त्याचं त्वांड सारकंच दिसतंय."

तिचा हात गेला असता तर सहाचे पाच झाले असते. चेअरमनने तासभर कपाळ चोळलं. मग विचारलं, "कागद कुठे ठेवायचा? तुझ्याकडे नको, माझ्याकडे नको, आबाकडे तर नकोच नको." आणि सहा तोंडांतून एकच नाव निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मनोहर एसटीतून उतरला. घाटात तीनदा उलटी झालेली, चेहरा पांढराफटक, आणि मांडीवर बाळासारखा धरून आणलेला प्रिंटर. नारळाच्या झाडाखाली टेबल टाकलं. आघाड्या कशा होतात ह्यावर पेपरात पानं भरभरून येतात, पण मी डोळ्यांनी पाहिलेली आघाडी अशी. सहा माणसं चटणी-भाकरीची आठवण काढत बसली आहेत आणि एक टायपिस्ट लिंबू चोखत चोखत त्यांच्या पुढच्या अडीच वर्षांची लेखी आखणी करतो आहे.

त्या दिवशी दोन कागद झाले. एक करारपत्र आणि दुसरा माझा राजीनामा. आमच्याकडे ही रीतच आहे. पहिल्या पाळीच्या सभापतीने खुर्चीवर बसण्याआधीच राजीनामा सही करून द्यायचा आणि तारखेची जागा मोकळी ठेवायची. मुदत भरली की तारीख टाकायची आणि कागद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे पाठवायचा. मनोहरने खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "...मी वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय..." मी म्हणालो, "अरे, अजून बसलो नाही आणि तू उठायचं काय वाचतोस?" तो म्हणाला, "ज्ञानू, तुझ्यासारख्याने उठायची वाट आधी बघून ठेवावी, मग बसावं. ऐकलंस ना नीट? कर सही." मी ऐकलं होतं. सही केली. दोन्ही कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवले आणि परतीच्या घाटात पुन्हा तीनदा ओकला, पण कागद कोरडे राहिले.

सव्वा वर्ष मी सभापती होतो. त्या काळात मी इतक्या फिती कापल्या की तालुक्यात परकर शिवायला नाडी मिळेना. गाडी होती, ड्रायव्हर होता, दारावर पितळी पाटी होती, आणि मी रोज सकाळी ती पाटी पुसणाऱ्या शिपायाच्या आधी तिथे जाऊन ती वाचायचो. गंमत म्हणून सांगतो आहे, पण गंमत नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्या नावाला 'साहेब' लागलेलं नव्हतं. माझा बाप त्या ऑफिसच्या पायरीवर बसून बियाण्याची वाट बघायचा. ती पायरी मी रोज गाडीतून बघायचो... आणि मुदत भरत आली तसं मला वाटू लागलं की सव्वा वर्ष म्हणजे काहीच नाही, माणसाला नुसता बूट चावायचा थांबायला तेवढा वेळ लागतो.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी मनोहरच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी शटर अर्धं खाली ओढलं. म्हणालो, "मन्या, तो कागद सापडत नाही असं सांग."

"सापडतोय की. इथेच आहे."

"उंदराने खाल्ला म्हण."

"माझ्या दुकानात उंदीर नाही. त्या बिचाऱ्याला फुकट कशाला बदनाम करू?"

मी चिडलो. म्हणालो, करारपत्राला कोर्टात कुणी विचारत नाही, साखरवाले मला आतून पाठिंबा द्यायला तयार आहेत, फक्त हा एक राजीनामा मधे नको. हिराबाईला कारभारातलं काय कळतं?

"तुला काय कळत होतं?" तो शांतपणे म्हणाला. "ज्ञानू, मुकादम परवा ऊसतोडीची आगाऊ उचल घेऊन तिच्या दारात आला होता. तिने परत पाठवला. यंदा कोयता घेणार नाही म्हणाली, पंचायतीत बसायचंय म्हणाली. ती काय चेअरमनच्या भरवशावर म्हणाली? तुझ्या? ह्या कागदाच्या भरवशावर म्हणाली."

मग त्याने तो राजीनामा काढला आणि मला पुन्हा वाचून दाखवला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मी हात पुढे केला. एक क्षण वाटलं, ओढून घ्यावा आणि फाडून टाकावा. त्यालाही ते दिसलं असणार. त्याने कागद मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला, माझ्या हातापासून वीतभर... मी शटर वर केलं आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चेअरमन, हिराबाई आणि आमचे दोघे अशा सगळ्यांसमोर मनोहरने पेन उघडून तारीख टाकली. आठवड्याने मी पायउतार झालो. राजीनाम्याचं पत्र माझ्याच सहीचं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती.

इथपर्यंत हरलेल्या कुठल्याही सभापतीची गोष्ट आहे. पुढची फक्त माझी आहे.

चार दिवसांनी फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी मला डिवचलं, "आबा, दोस्ताने कापला व्हय तुमाला?" भोवती पंधरा-वीस माणसं होती. आणि मी रचली. हातातला कप खाली ठेवला आणि सांगितलं, "फुकट न्हाई कापला. फ्रिज घेतला त्याने, लालभडक फ्रिज! चेअरमनच्या दुधाच्या टेम्पोतून आला, वर ताडपत्री, आजूबाजूला कॅन. चार माणसांनी उतरवला. वहिनींनी दारात ओवाळला. आतला दिवा लागला तसं घरातलं मांजर आत जाऊन बसलं, ते दोन दिवस निघेना." टपरी हसून हसून आडवी झाली. मी आयुष्यात इतकी चांगली गोष्ट सांगितली नव्हती. मांजरामुळे ती खरी वाटत होती. खोट्यात असं एक मांजर लागतं.

दोन महिन्यांनी काष्टीच्या बाजारात एका अनोळखी माणसाने मला तीच गोष्ट सांगितली. त्याच्या गोष्टीतला फ्रिज दोन दारांचा झाला होता आणि सोबत मिक्सरही होता. मी म्हणू शकलो असतो, बाबा, हे खोटं आहे, ह्याचा बाप तुझ्यासमोर उभा आहे. मी म्हणालो, "आसं का?"

लोक मनोहरला तोंडावर काही म्हणाले नाहीत. फक्त पुढच्या अडीच वर्षांची वाटणी झाली तेव्हा त्या वेळचे राजीनामे नगरला एका वकिलाच्या तिजोरीत गेले. ग्रामपंचायतींत उपसरपंचपद वर्षावर्षाने वाटून घेतात, त्या चिठ्ठ्याही त्याच्याकडे यायच्या बंद झाल्या. तो आधार कार्डाच्या झेरॉक्सा काढत राहिला आणि त्यासुद्धा वाचून बघत राहिला. मी फाटकात शिरताना मान पलीकडे वळवायचो. लोकांना वाटायचं, आबाचा राग अजून गेला नाही. राग कधीच गेला होता. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी छाती नव्हती.

मधे एकदाच गाठ पडली. सुप्याला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत माणसं सरकत सरकत अशी बसली की माझ्या शेजारचा पाट मनोहरचा निघाला. उठता येईना. तो वाळला होता. वाढप्याने जिलबी आणली, त्याने ताटावर हात आडवा धरला. बराच वेळ दोघे भातात बोटं फिरवत राहिलो. मग त्याने मान वर न करता विचारलं, "ज्ञानू, तू तो टपरीवर लाल सांगितलास आणि पुढे मिरीला निळा सांगितलास. असं का?"

मला आधी कळेना. मग कळलं, तो फ्रिजचा रंग विचारत होता.

"रंग एकच ठेवायचा," तो म्हणाला. "वाचणारा तिथेच पकडतो." आणि किंचित हसला. चार आण्याचंही नव्हतं ते हसू. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. मी वाढप्याला हाक मारली आणि मठ्ठा मागितला. हात धुऊन येईपर्यंत तो निघून गेला होता. तो शेवटचा.

पंचायत समितीच्या सभागृहात शोकसभा झाली. गेली काही वर्षं तिथे प्रशासकच कारभार पाहतो, सभापतीच्या खुर्चीवर कुणी नाही. ज्या खुर्चीपायी मी हे सगळं केलं तिच्यावर त्या दिवशी मनोहरचा फोटो ठेवला होता, कारण सभागृहात तेवढी एकच खुर्ची उंच पाठीची. तिन्ही पक्ष आले होते. साखरवाले बोलले, चेअरमन बोलला. हिराबाई बोलली. तिच्या सव्वा वर्षात तिने ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी आपल्या गावात हंगामी वसतिगृह सुरू करून घेतलं होतं, ते अजून चालतं. ती एवढंच म्हणाली, "काकांनी मला खुर्ची दिली न्हाई. दिल्याला कागुद सांबाळला. ती पोरं शाळंत हायती ती त्या कागदावर." आणि बसली.

मग मी उठलो. म्हणालो, मनोहर पाठकाने फ्रिज घेतला ही गोष्ट खोटी आहे, ती मी रचली, टेम्पो खोटा, ताडपत्री खोटी, मांजर खोटं. आणि सभागृहाच्या मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मांजराच्या नावावर तर चांगलंच हसू पसरलं. त्यांना वाटलं, आबा रंगात आला. एक जण बाहेर पडताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "आबा, मैताच्या कार्यातबी सोडत न्हाई राव तुमी!" चाळीस वर्षं ह्याच माणसांना मी हसायला शिकवलं होतं. त्यांची काय चूक?

एकटी हिराबाई हसली नव्हती. जिन्यावर तिने मला गाठलं. "आबा, हितं सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं त्यो न्हाई आता. काकूंकडं जावा."

जायला मला तीन आठवडे लागले. इथून तिथे घर, चालत दहा मिनिटं. मंगलावहिनींनी दार उघडलं, "या, भावजी," म्हणाल्या, जणू मी काल येऊन गेलो होतो. मी पुढच्या खोलीत बसेना. म्हणालो, वहिनी, मी आत येतो, चहा तिथेच घेतो. खरं म्हणजे मला त्यांच्या तोंडाकडे न बघता बोलायचं होतं, आणि चहा करणाऱ्या बाईची पाठ असते. मी सगळं सांगितलं. त्या आधण बघत राहिल्या. साखर घातली. मग म्हणाल्या, "ठाऊक होतं आम्हाला. टपरीवरची गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी आली होती. मांजराचं ऐकून हेच हसले आधी. म्हणाले, हे ज्ञानूचंच."

"मग तो मला बोलला का नाही?"

"तुम्हीच बोलाल म्हणायचे. एक-दोन वर्षं रोज म्हणायचे. मग म्हणायचे थांबले."

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि खिडकीखालच्या माठाकडे गेल्या. तो पिण्याच्या पाण्याचा माठ नव्हता. वाळू भरलेल्या मोठ्या कुंडीत बसवलेला होता, भोवती ओलं फडकं. झाकण काढून त्यांनी आतून एक डबी काढली. डबीत इन्सुलिनच्या दोन बाटल्या. "पाच वर्षं चालू होतं. ह्या दोन उरल्यात, बघा कुणाच्या उपयोगी पडत असतील तर. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, उन्हाळ्यात हे माठात टिकत नाही, लहानसा का होईना, फ्रिज घ्या. मुलगाही पुण्याहून पाठवतो म्हणाला. ह्यांनी येऊ दिला नाही."

मी विचारायला नको होतं. विचारलं. "का?"

"म्हणाले, आता दारात फ्रिज उतरला तर ज्ञानूची गोष्ट खरी ठरेल."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मला कुठेतरी धरायला जागा मिळाली असती. चहावर साय आली, मी ती बघत राहिलो...

म्हणून हे लिहिलं. सांगून हसू होतं, निदान लिहिलेलं कुणी शांतपणे वाचील. मनोहर दत्तात्रय पाठक ह्याने कुणाकडून काहीही घेतलं नाही. विश्वासाने दिलेला कागद त्याने ठरल्या दिवशी, ठरल्या माणसांसमोर, ठरल्याप्रमाणे काढून दिला. त्याचं स्वयंपाकघर मी माझ्या डोळ्यांनी पाहून आलो आहे. एक ओटा आहे, एक मांडणी आहे, पूर्वेला खिडकी आहे. खिडकीखाली वाळूत बसवलेला माठ आहे आणि त्यात आता काही नाही. वहिनी अजून रोज सकाळी उठून त्या वाळूवर तांब्याभर पाणी घालतात. दुसरं तिथे काहीही नाही.